सुट्टीसाठी घर बंद करताना

डिसेंबरच्या सुट्टीला पुण्यात येणाऱ्या परदेशस्थांची तयारी बहुधा बॅगेच्या वजनापासून सुरू होते. माझ्या मते ती तिकडचे घर बंद करण्यापासून सुरू व्हायला हवी. चौदा वर्षे जर्मनीत काढून आता कोथरूडला परतलेल्या माणसाचे हे मत आहे आणि त्यामागे स्वतःची एक चूकही आहे. पहिल्या वर्षी मी तिथले भाड्याचे घर हॉटेलची खोली सोडावी तसे सोडले: फ्रीज रिकामा केला, हीटर पूर्ण बंद केला, किल्ली खिशात टाकली आणि निघालो. जानेवारीत परतलो, तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती आणि चहाला दूधही नव्हते.

त्यामुळे आधी हीटरविषयी. जर्मन रेडिएटरच्या फिरत्या चावीवर हिमकणाची जी खूण असते, ती पाणी गोठू नये एवढ्यापुरतीच, म्हणजे साधारण ६ अंशांची असते. भिंती कोरड्या राहायला हव्या असतील, तर चावी २ या आकड्यावर, सुमारे १६ अंशांवर, ठेवावी. कपडे धुण्याच्या यंत्राचा नळ बंद करावा, यंत्राचे झाकण मात्र उघडे ठेवावे. शेवटचे कपडे दोन दिवस आधीच धुऊन वाळवावेत. निघायच्या रात्री दोरीवर ओले टॉवेल ठेवून जाणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणे होय.

फ्रीज रिकामा करताना विरजण टाकू नये. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार भारतातून दूध आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. त्यामुळे आईच्या पातेल्यातले विरजण आपल्याबरोबर येऊच शकत नाही. तिकडच्या घरातले दही तिकडच्याच दुकानातल्या दह्यापासून सुरू झालेले असते आणि वर्षानुवर्षे रात्री लावता लावता ते आपले होते. ते जपायचे असेल, तर निघण्याच्या आदल्या दिवशी, आंबट होण्यापूर्वीचे दोन-तीन चमचे ताजे दही कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावे. दुधाची एक न उघडलेली, टिकाऊ पिशवीही कपाटात ठेवावी. परतल्यावर काही लावता येईल अशी एक तरी वस्तू ज्या जागेत आपण ठेवून जातो, ती जागा मग केवळ भाडेकराराची राहत नाही.

किल्ली खिशात नेऊ नये, शेजारी द्यावी. टपालपेटी भरून वाहू लागली, की घर रिकामे असल्याचे जिन्यातल्या प्रत्येकाला कळते, आणि खिडकीतल्या तुळशीलाही पाणी लागते. किल्ली कोणाला द्यावी याचा माझा निकष साधा आहे: जी व्यक्ती तुळस वाळली तर आपल्यापेक्षा जास्त ओशाळेल, तिला. परक्या गावात अशी व्यक्ती मिळायला मला सहा वर्षे लागली आणि ती मिळाल्यानंतरच मी त्या पत्त्याला बोलताना ‘घर’ म्हणू लागलो.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. पासपोर्टची मुदत तपासावी. भारतातील सिमकार्ड सलग ९० दिवस अजिबात वापरले नाही, तर ते बंद होऊ शकते आणि त्यावरच बँकेचा ओटीपी येत असतो, म्हणून त्याचे रिचार्ज वर्षभर सांभाळावे. परदेशी स्थायिक झाल्यावर जुने बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांचे रुपयांतले खाते) करून घेतले नसेल, तर ते काम या सुट्टीत, पहिल्याच आठवड्यात उरकावे.

घरच्यांना विमान उतरण्याची वेळ सांगू नये, दाराशी पोचण्याची सांगावी. मुंबईला उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा, विमानतळावरून बाहेर पडणे, मग ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आणि त्यातला घाट, असा सगळा प्रवास उरलेला असतो. तोवर आई-बाबा खिडकीशी बसून राहतात. हिवाळ्यात जर्मनी भारताच्या साडेचार तास मागे असते, त्यामुळे पहिल्या रात्री दोन वाजेपर्यंत झोप येणार नाही, हेही त्यांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे ‘बरं नाही का रे?’ ही विचारपूस टळते. (टळत नाही, निदान उशिरा सुरू होते.)

पुण्यातल्या घरी आपण आता पाहुणे असतो, हे मान्य करणे जड जाते. आपल्या खोलीत शिलाई मशीन आलेले असते, कपाटात पापडांचे डबे असतात, आणि चहाची साखर नेमकी कुठे ठेवली आहे हे विचारावे लागते. यावर उपाय म्हणून निघण्यापूर्वी फोनवरच आईकडे एक खण मागून घ्यावा. त्यात चप्पल, चष्मा, घरात घालायचा सदरा असे काही कायमचे ठेवून यावे आणि पुढच्या वेळी तेवढे सामान कमी आणावे. पहिले दोन दिवस कोणाकडेही जेवायला जाण्याचे कबूल करू नये.

परतताना तूप आणि पेढे सामानात घालू नयेत, कारण तोच दुधाचा नियम आडवा येतो. ताजा कढीपत्ता वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाही; नारळ मात्र चालतो, म्हणून ओटीचा नारळ खुशाल न्यावा. गोडा मसाला आणि भाजणी जाड पिशवीत दुहेरी बांधावी. दारातून निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणावे, हे सांगायला नको. पण जर्मनीतून निघताना शेजारणीलाही मी तिच्या भाषेत तसेच काहीसे म्हणू लागलो होतो.

तिकडे पोचल्यावर बॅग उघडण्याआधी दूध कोमट करावे. गोठलेले विरजण नेहमीपेक्षा एक चमचा जास्त घालावे आणि पातेले उबदार रेडिएटरजवळ झाकून ठेवावे. लागायला रात्र पुरली नाही, तर दुपारपर्यंत हलवू नये.