शब्दकोड्यातली ‘वीण’: सूचना रचताना आणि सोडवताना

तालमीच्या स्मरणिकेसाठी किंवा दूध संस्थेच्या वार्षिक अंकासाठी शब्दकोडे रचायला बसलेल्या माणसाला घरे जुळवताना कधी ना कधी जन्माशी, पिलावळीशी संबंधित शब्द लागतोच, आणि अशा वेळी ‘प्रजनन’ हा पाठ्यपुस्तकी शब्द टाकून मोकळे होण्याचा मोह होतो. चार घरे मोकळी असतील तर तो टाकण्यास हरकत नाही. ‘प्र’ने सुरू होणारे आणि ‘न’ने संपणारे शब्द मराठीत मुबलक असल्यामुळे त्याभोवती उभे शब्द सहज बसतात. मात्र त्याची सूचना रंजक करणे फार अवघड जाते. दोन घरांचा ‘वीण’ (पिलांना जन्म देणे, शिवाय धाग्यांची गुंफण) हा त्याहून कितीतरी कामाचा शब्द आहे.

प्रथम घरांचा हिशेब पक्का करावा. 1913 साली न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आर्थर विन यांनी शब्दकोडे छापले तेव्हा एका घरात एक रोमन अक्षर बसत होते. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसह पूर्ण अक्षर एका घरात जाते. त्यामुळे ‘बाळंतपण’ पाच घरांचा, ‘गर्भधारणा’ही पाच घरांचा आणि लांबलचक दिसणारा ‘पुनरुत्पादन’ सहाच घरांचा ठरतो.

‘वीण’ आडवा घालताना दुसऱ्या घराची काळजी घ्यावी लागते. ‘वी’पासून खाली वीज, वीट, वीर असे काहीही सोडता येते, परंतु ‘ण’ने सुरू होणारा शब्द आपल्या रोजच्या मराठीत नसल्यामुळे ते घर वरून येणाऱ्या शब्दाचेच असावे लागते, सण, कारण, मरण यांपैकी एखादा शब्द तिथे येऊन थांबला की काम होते. म्हणूनच हा शब्द अगदी वरच्या ओळीत आडवा घालू नये, आणि घातलाच तर ‘ण’खालचे घर काळे ठेवावे. ‘गाभण’ आणि ‘बाळंतपण’ यांनाही हीच अट लागू पडते.

दुसरी अडचण वेलांटीची आहे. ‘वीण’ दीर्घ, परंतु विभक्तिप्रत्यय लागताच उपान्त्य स्वर ऱ्हस्व होऊन ‘विणीचा हंगाम’ असे रूप होते. पक्ष्यांविषयीच्या लेखनात हाच प्रयोग सर्वत्र आढळत असल्याने रचनाकार ‘पक्ष्यांच्या ___चा हंगाम’ अशी रिकाम्या जागेची सूचना देतो, उत्तर ‘वीण’ धरतो आणि सोडवणारा बिनचूकपणे ‘विणी’ लिहितो. येथे चूक सोडवणाऱ्याची नव्हे. कवितेतल्या ‘तुजविण’मधला ‘विण’ही ऱ्हस्व आहे, त्यामुळे त्या अंगानेही ‘वीण’साठी सूचना देऊ नये.

मग सूचना कशी द्यावी? या शब्दाचे दोन्ही अर्थ एका वाक्यात आणणारा एक पक्षी आपल्याकडे आहेच: ‘सुगरणीच्या खोप्याला असते आणि पावसाळ्यात सुगरणीचीही असते (2)’. कंसातला आकडा उत्तराच्या घरांचा. पहिल्या अर्धात गुंफण, दुसऱ्या अर्धात पिलांचा हंगाम, आणि दोन्ही ठिकाणी शब्द स्त्रीलिंगीच असल्याने ‘असते’ हे क्रियापद दोन्हीकडे चालून जाते.

अशी सोय दर वेळी होत नाही. ‘वेत’ हा शब्द घ्या. छडीचा वेत पुल्लिंगी आणि म्हशीचे वेत, म्हणजे तिची व्यायची खेप, नपुंसकलिंगी, त्यामुळे सूचनेत ‘तो’ किंवा ‘ते’ म्हटले की एक अर्थ गळून पडतो. लिंग न दाखवणारे ‘याची’, ‘याच्या’ येथे उपयोगी पडतात: ‘खुर्ची याची असते आणि म्हशीची किंमतही याच्या आकड्यावरून ठरते (2)’. ‘वार’ आणखी अवघड, कारण दिवस व मोजमाप पुल्लिंगी, तर व्याल्यावर पडणारी वार स्त्रीलिंगी. तेथे सर्वनाम आणि क्रियापद दोन्ही गाळून ‘आठवड्यात सात, लुगड्यात नऊ, म्हैस व्याल्यावर एकच (2)’ असे लिहावे. लुगड्याऐवजी ‘नऊवारी’ लिहिले तर उत्तर सूचनेतच फुटते, हे वेगळे सांगायला नको.

कोल्हापूरच्या वाचकासाठी गोठ्यातले शब्द हात राखून वापरण्याचे कारण नाही. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर काढलेले धारोष्ण दूध पिणाऱ्या आणि दिवाळीत सजवलेल्या म्हशींची मिरवणूक पाहणाऱ्या माणसाला ते ओळखीचे असतात. ‘खरवसाला हवा, फणस कापताना नको (2)’ यावरून त्याला ‘चीक’ सुचतो. ‘न फळलेल्या म्हशीला साधारण 21 दिवसांनी येतो, पैसेवाल्याला केव्हाही (2)’ यावरून ‘माज’ सुचायला वेळ लागत नाही, आणि माझ्या मते या सगळ्या गटातली हीच सर्वांत खुसखुशीत सूचना आहे.

कोणता शब्द कोणाला लावायचा, याबाबत मात्र ढिलाई नसावी. म्हैस, गाय, शेळी, मांजर व्याते; स्त्री बाळंत होते, आणि तिला ‘व्याली’ म्हणणे शिवीसारखे लागते. म्हणून ‘गाभण’ची सूचना नुसती ‘गर्भवती’ अशी देऊ नये. ‘म्हैस सुमारे 310 दिवस अशी असते (3)’ असे लिहावे, म्हणजे प्राणीही कळतो आणि उत्तर विशेषण आहे हेही कळते. गाय घ्यायची असल्यास आकडा 280च्या आसपास ठेवावा. ‘बाळंतपण’साठी ‘पहिले माहेरी करण्याची रीत (5)’ पुरेसे आहे. ‘पैदास’ माणसांच्या बाबतीत तुच्छतेने येतो, तेव्हा त्याला ‘साचलेल्या पाण्यात डासांची होते ती (3)’ असे डासांवरच ठेवलेले बरे.

सोडवणाऱ्याने उलट्या बाजूने चालावे. सूचनेत पक्षी असेल तर वीण, गोठा असेल तर वेत, गाभण, माज, वार, आणि भाषा शास्त्रीय असेल तर जनन, फलन, प्रजनन असा अंदाज धरावा, नंतर सर्वनामाचे लिंग तपासावे. दोन घरांत शेवटी ‘ण’ मिळाला असूनही पहिल्या घरात उभ्या शब्दाने ऱ्हस्व ‘वि’ दिला असेल, तर आधी तो उभा शब्द पुन्हा पाहावा. तोही बरोबर निघाला, तर उत्तर ‘वीण’ नव्हे, असे समजून दुसरा शब्द शोधावा.