गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲपवरचा आपला ऐवज घरी कसा आणावा

ऑर्कुट हे एकेकाळचे लोकप्रिय समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गुंडाळले गेले, याहू ग्रुप्सला डिसेंबर २०२० मध्ये कायमचे कुलूप लागले. मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहिण्याची सोय देणारे आपल्याकडचे ‘कू’ २०२० मध्ये आले आणि जुलै २०२४ मध्ये संस्थापकांनी ते बंद करत असल्याचे जाहीर केले. प्रत्येक वेळी तारीख कंपनीने ठरवली. ज्यांच्यापर्यंत ती वेळेत पोहोचली नाही, त्यांचे लिखाण आणि फोटो गेले ते गेलेच. त्यामुळे सगळे सुरळीत चालू असतानाच आपल्या वस्तूंची एक प्रत घरी आणून ठेवावी, असे मला कळकळीने वाटते.

सुरुवात गूगलपासून करा, कारण बहुतेकांचे फोटो तिथेच आहेत. संगणकावर ‘गूगल टेकआउट’ (गूगलकडची आपली माहिती उतरवून घेण्याचे पान) शोधा आणि आपल्या खात्याने आत जा. तिथे गूगलच्या सगळ्या सेवांची लांबलचक यादी दिसते आणि बहुतेक चौकटींत आधीच खूण असते. आधी ‘डिसिलेक्ट ऑल’ दाबा, मग फक्त ‘गूगल फोटोज’ निवडा. सगळे एकदम मागवले तर फाइल अवाढव्य होते आणि माणूस मध्येच कंटाळतो. जीमेल, कॉन्टॅक्ट्स, ड्राइव्ह नंतर एकेक करून मागवा.

पुढच्या पानावर प्रत कुठे हवी ते विचारतात. ‘ड्राइव्हमध्ये टाका’ हा पर्याय सोपा दिसतो, पण तो घेऊ नका: आपल्या मोफत १५ जीबीतली जागा त्यात जाते आणि प्रत पुन्हा त्याच कंपनीकडे राहते. ईमेलने लिंक मागवा. झिप प्रकार निवडा, म्हणजे अनेक फाइली एका गठ्ठ्यात बांधून मिळतात. नेट अधूनमधून तुटत असेल तर २ जीबीचे तुकडे बरे, एखादा अडला तरी तेवढाच पुन्हा उतरवता येतो. फोटो जास्त असतील तर लिंक यायला काही तास, कधी एक-दोन दिवसही लागतात. ती साधारण आठवडाभरच चालते, तेव्हा आली की लगेच फाइली उतरवून घ्या.

आता झिप उघडा, कारण खरी मेख इथे आहे. बऱ्याच फोटोंशेजारी त्याच नावाची एक छोटी ‘जेसन’ फाइल दिसेल. कचरा समजून ती अजिबात पुसू नका. समजा, आजोबांच्या लग्नाचा फोटो तुम्ही स्कॅन करून चढवला आणि गूगल फोटोजमध्ये १९६२ ही तारीख टाकून खाली ‘डावीकडून तिसरी मोठी आत्या’ असे लिहिले. ती तारीख आणि ती ओळ त्या जेसनमध्ये असते. नुसता फोटो उघडलात तर स्कॅन केल्याचा किंवा फाइल उतरवल्याचा दिवस दिसेल. जेसन साध्या नोटपॅडमध्येही वाचता येते. ‘एक्सिफटूल’ या मोफत प्रोग्रॅमने त्यातली तारीख फोटोत भरता येते, पण ते सवडीने करा.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामसाठी ‘अकाउंट्स सेंटर’मध्ये ‘युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स’ उघडा, तिथे माहिती उतरवून घेण्याचा पर्याय आहे. तीन गोष्टी तपासा: कालावधी ‘ऑल टाइम’, फोटोंचा दर्जा ‘हाय’ आणि स्वरूप एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरमध्ये सरळ वाचता येईल. कालावधीकडे विशेष लक्ष द्या, नाहीतर जुनी वर्षे बाहेरच राहतात.

व्हॉट्सॲपचा बॅकअप फक्त व्हॉट्सॲपलाच वाचता येतो, म्हणून घरच्या ग्रुपसारखा जपण्याजोगा संवाद वेगळा काढून ठेवा. ग्रुप उघडून मेनूत ‘एक्स्पोर्ट चॅट’ निवडा, साधी मजकुराची फाइल मिळेल. एका वेळी किती संदेश निघतील याला मर्यादा आहे आणि फोटोंसकट काढले तर आणखी कमी निघतात. म्हणून मजकूर वेगळा घ्या, फोटो फोनमधून वेगळे कॉपी करा. ग्रुपमध्ये ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ चालू असेल तर एक्स्पोर्ट होत नाही, ॲडमिनशी बोलून घ्या.

हे सगळे आज जमते ते कंपन्यांनी सोय ठेवली म्हणून. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने आपली माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात मागण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तो होता, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र उरला नाही. ही उणीव मोठी आहे आणि ती भरून निघायला हवी.

आणलेल्या फाइली एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा लेकीकडे द्या. देण्यापूर्वी दहा-बारा फोटो आणि एखादा व्हिडिओ दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

शेवटचे काम वडीलधाऱ्यांच्या खात्यांचे. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ असते. खाते ३ ते १८ महिने शांत राहिले तर कुणाला कळवायचे आणि काय काय सोपवायचे, ते तिथे ठरवता येते. दहा जणांपर्यंत नावे देता येतात. आई-बाबांशेजारी बसून हे भरा आणि ज्यांची नावे दिली त्यांना लगेच सांगून ठेवा, कारण नाव नोंदवताना गूगल त्यांना काहीच कळवत नाही. ईमेल जातो तो मुदत उलटून गेल्यावरच.