मोठे गुणाकार तोंडी करताना उत्तर नेमकं कुठे चुकतं

विसापर्यंतचे पाढे पाठ आहेत असं इथे धरलं आहे. ते कच्चे असतील तर आधी ते पक्के करा.

सुरुवातीला दोन्ही संख्या नीट बघा, सोपी वाट असेल तर दिसते. २५ने गुणताना संख्येवर दोन शून्यं देऊन ४ने भागा. ३४७ × २६ असेल तर ३४,७०० ÷ ४ = ८,६७५, त्यात आणखी एकदा ३४७ मिळवा: ९,०२२. ४७ × ५३ मध्ये दोन्ही संख्या ५० पासून ३ने दूर आहेत, एक खाली, एक वर, म्हणून ५० × ५० मधून ३ × ३ वजा: २,५०० − ९ = २,४९१.

अशी वाट नसेल तर डावीकडून गुणा. उजवीकडून हातचे धरत जाणं कागदावर ठीक आहे. तोंडी करताना उत्तराचे अंक उलट्या क्रमाने सुटे सुटे सांभाळावे लागतात आणि तिथेच सगळं सांडतं. ६७ × ८४ घ्या. ६० × ८० = ४,८००. मग तिरके गुणाकार: ६ × ४ आणि ७ × ८, बेरीज ८०. ही दशकं, म्हणजे ८००, झाले ५,६००. शेवटी ७ × ४ = २८, उत्तर ५,६२८. नवी बेरीज झाली की जुनी सोडून द्या.

आता १०० च्या आसपासच्या संख्या. ही रीत अनेकदा अर्धवट शिकवली जाते. ७८ × ९६ मध्ये १०० ला २२ आणि ४ कमी. ७८ − ४ = ७४, २२ × ४ = ८८, ‘दोन्ही शेजारी लिहा’, ७,४८८. उत्तर बरोबर, पण ‘शेजारी लिहा’ हा सल्ला घातक आहे. त्याच सल्ल्याने ९७ × ९८ चं उत्तर ९५ आणि ६, म्हणजे ९५६ येतं, खरं ९,५०६. ८८ × ८९ मध्ये ७७ आणि १३२ जोडून ७७,१३२ होतात, खरं ७,८३२. आणि १०४ × ९७ मध्ये एक संख्या वर, एक खाली. तिथे शेजारी काय लिहायचं हेच कळत नाही.

डावा भाग शतकं आहेत, हे विसरल्यामुळे हे होतं. त्यावर दोन शून्यं द्या आणि उजवा भाग बेरजेने मिळवा: ९,५०० + ६, ७,७०० + १३२. एक संख्या १०० च्या वर आणि दुसरी खाली असेल तर उजवा भाग वजा करा: १०४ − ३ = १०१, म्हणून १०,१०० − १२ = १०,०८८. लिहिताना आणि शिकवताना ‘जोडा’ हा शब्दच वापरू नका.

ही रीत ६७ × ८४ लाही चालते, पण तिथे ३३ × १६ करत बसावं लागतं. दोन्ही अंतरांचा गुणाकार चटकन जमणार असेल तरच ती घ्या.

शेवटी नवाचा ताळा करा, म्हणजे प्रत्येक संख्येचे अंक एकच अंक उरेपर्यंत मिळवा आणि त्यांचा गुणाकार उत्तराच्या अंकांशी तसाच जुळतो का बघा. ६७ चे अंक मिळवून ४, ८४ चे ३, गुणाकार १२ म्हणजे ३. ५,६२८ चे अंक २१, म्हणजे ३. जुळलं. मात्र वरची ९५६ आणि ७७,१३२ ही दोन्ही चुकीची उत्तरं या ताळ्यातून सुखरूप सुटतात, कारण ताळ्याला अंकांची जागा दिसत नाही. म्हणून त्याआधी अंदाज हवाच: ८८ × ८९ हे ९० × ९० पेक्षा, म्हणजे ८,१०० पेक्षा कमीच असणार.