आजोबाची वतनाची जमीन कागदावर कशी शोधायची

आमच्या सोलापूर जिल्ह्यात मोहोळ घ्या नाहीतर मंगळवेढा, वस्तीतली म्हातारी माणसं सांगतात आपली वतनाची जमीन, म्हणजे गावकीच्या कामाबद्दल मिळालेली, होती वढ्याच्या अंगाला, पण नंबर विचारला की सगळे गप. मी दोन वर्ष चकरा मारल्यात म्हणून लिहितोय.

आधी ऑनलाइन सातबारा काढा. भोगवटादार वर्ग 2 (परवानगीशिवाय विकता येत नाही अशी जमीन) लिहिलंय का आणि इतर अधिकारात इनाम वर्ग 6 ब (वतनी जमिनीचा प्रकार) किंवा नवीन शर्त असं काही आहे का बघा. पण नुसत्या सातबाऱ्यावर विश्वास ठेवू नका, खरी गोष्ट खाली बारीक अक्षरात 'जुने फेरफार' (जमिनीवरची नावं आणि हक्क बदलल्याच्या नोंदी) म्हणून नंबर असतात त्यात आहे. त्यातला एकेक नंबर धरून मागं मागं जायचं.

बाबासाहेबांनी 1928 ला मुंबई कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं, तरी वतनं गेली ती 1958 च्या कायद्यानं, 1 ऑगस्ट 1959 पासून. जमीन सरकारजमा झाली आणि ठराविक रक्कम भरली की वतनदाराला परत, ह्यालाच रीग्रँट म्हणतात. आता राबणाऱ्याच्या खिशात तेव्हा पैसा कुठला! कुणी सावकाराकडून उचलून भरला आणि जमीन त्याच्याच कब्जात गेली, कुणी भरलाच नाही. म्हणून 1959 नंतरच्या दहाबारा वर्षांचे फेरफार नीट वाचा, रीग्रँट कुणाच्या नावानं झाली आणि नंतर विक्री झाली असेल तर कलेक्टरची परवानगी होती का, हे दोन प्रश्न. परवानगी नसेल तर तिथंच मुद्दा आहे.

जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट जुळत नसेल तर घाबरू नका, जमिनीचे तुकडे जोडायच्या एकत्रीकरण योजनेत बदललाय, भूमी अभिलेख कार्यालयातून 9(3) 9(4) चा उतारा मागा, जुना नंबर कुठल्या गटात गेला ते त्यात कळतं. लई जुना कागद मोडी लिपीत निघतो, मोडी वाचणारा गाठायचा, अंदाजानं नाव लावायचं नाही.

तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये 'सापडत नाही' हे ऐकायला मिळणारच, मलाबी मिळालं. भांडत बसू नका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 30 दिवसात लेखी उत्तर द्यावं लागतं आणि 'सापडत नाही' असं लेखी द्यायला हात सहजासहजी धजत नाही.

वारस नोंद करताना आत्यांची नावं गाळू नका, आमच्यात तेच झालं आणि अजून तारखा चालूयत. आणि झेरॉक्स नको, शिक्क्याची नक्कलच घ्या.