क्रिकेटमध्ये करिअर करताय? हक्काचंही थोडं शिकून घ्या

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, मी बरीच वर्षं डावखुरी फिरकी टाकली. आता नेट्सवर पोरंपोरी विचारतात, रणजीपर्यंत कसं पोचायचं? गोलंदाजीचं सांगणारे इथे पुष्कळ आहेत. मी पैशाचं आणि हक्काचं सांगतो, कारण ते सहसा कुणी सांगत नाही.

देशांतर्गत खेळाडूचं पोट सामन्यावर चालतं. २०२१ मध्ये मानधन वाढलं, तेव्हा रणजीचे २० पर्यंत सामने खेळलेल्याला अकरात असेल तर दिवसाला ४० हजार आणि राखीव असेल तर निम्मे असं ठरलं. आकडा मोठा वाटतो. पण सामनाच नसेल तर? २०२०-२१ चा रणजी हंगाम कोविडमुळे झालाच नाही. आदल्या हंगामात खेळलेल्यांना भरपाई जाहीर झाली ती थेट सप्टेंबर २०२१ मध्ये. हातात नोकरी नसलेल्यांनी मधला काळ कसा काढायचा?

अशा वेळी एकट्याने बोलणं अवघड असतं. ज्यांच्या हातात निवड, त्यांच्याचकडे मानधन मागायचं, म्हणून पोरं गप्प बसतात. इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंनी १९६७ मध्येच संघटना बांधली, ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी १९९५ मध्ये. आपल्याकडे क्रिकेटचा कारभार सुधारण्यासाठी सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशींमुळे २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन आली. बीसीसीआयचा कारभार बघणाऱ्या नऊ जणांच्या अ‍ॅपेक्स कौन्सिलमध्ये तिचे एक पुरुष आणि एक महिला असे दोन प्रतिनिधी बसतात. पहिले होते अंशुमन गायकवाड आणि शांता रंगास्वामी. मात्र ही संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. आज मैदानात घाम गाळणाऱ्याला तिचं सभासद होता येत नाही, आणि हे मला मनापासून खटकतं.

संघटना कशी चालते हे समजून घ्यायचं तर ऑस्ट्रेलियातलं २०१७ बघा. बोर्डाला राज्य संघांतल्या खेळाडूंचा उत्पन्नातला वाटा बंद करायचा होता. राष्ट्रीय संघातल्यांना मात्र चांगला पैसा मिळणार होता. त्यांनी सही केली असती तर त्यांचं काहीच बिघडत नव्हतं. तरी ते अडून बसले. ३० जूनला करार संपला, दोनशेहून जास्त खेळाडू बिनकराराचे झाले, ऑस्ट्रेलिया ‘अ’ संघाचा दक्षिण आफ्रिका दौरा रद्द झाला. ऑगस्टच्या सुरुवातीला तोडगा निघाला आणि राज्य खेळाडूंचा वाटा टिकला. वरचे खालच्यांसाठी थांबले, म्हणून ते जमलं.

आपल्याकडे अशी संघटना होईल तेव्हा होईल. तोवर स्पर्धेचं पत्र, स्कोअरशीटचा फोटो, प्रवासाची तिकिटं, दुखापतीचे रिपोर्ट हे सगळं तारखेनुसार एका फाईलमध्ये लावा. जिल्हा संघातून महाराष्ट्राच्या शिबिराला गेलात, तर मॅनेजरला पहिल्याच दिवशी विचारा: भत्ता किती, कधी जमा होणार, विमा कुणाच्या नावावर आहे? लाजू नका. कागदावर सही करण्याआधी तो घरी नेऊन वाचा. घाई केली तर उद्यापर्यंतची मुदत मागा.

आणि राखीव पोराचा भत्ता अडकला असेल, तर विचारायला त्याला एकट्याला पाठवू नका. कॅप्टनसह चार जण सोबत जा, आणि अर्जावर सगळ्यांच्या सह्या घ्या.