बॉक्सिंगची येणारी लढत खान्देशात बसून कशी पाहावी

यात्रेतली कुस्त्यांची दंगल कशी पाहावी, हे तापीकाठच्या गावांत कुणाला शिकवावं लागत नाही. कोण दमलाय, कोण वेळ काढतोय, कुणी जोड चुकीची लावली, हे पारावर बसलेला म्हातारासुद्धा सांगतो. पण टीव्हीवर बॉक्सिंग लागलं की हीच माणसं म्हणतात, "आपल्याला त्यातलं काय कळतं?" मला हे मुळीच पटत नाही. ज्या डोळ्याला कुस्तीतला डाव दिसतो, त्याला ठोसा का दिसू नये? थोडी तयारी करावी लागते, एवढंच. मी जळगावच्या बाजूला राहून काही वर्षं हौसेने व्यावसायिक बॉक्सिंग पाहतोय. मी ती तयारी कशी करतो, ते इथे क्रमाने लिहितो.

पहिलं काम: एकच लढत निवडा

क्रिकेटसारखी इथे मालिका नसते की हंगाम नसतो. लढत भरवणारा प्रवर्तक आणि दोन्ही बॉक्सर यांचं जमलं की लढत ठरते आणि कुणाला सरावात दुखापत झाली की पुढे ढकलली जाते. म्हणून तारीख दोनदा तपासायची. लढत जाहीर झाल्यावर एकदा आणि लढतीच्या आठवड्यात पुन्हा एकदा. महिन्यात एक लढत नीट पाहिली तरी हौशी माणसाला पुष्कळ झालं.

निवडताना विजेतेपदाचा पट्टा पाहायचा, पण त्याला भुलायचं नाही. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार मोठ्या संघटना आहेत आणि प्रत्येकीचा विजेता वेगळा असू शकतो. त्यामुळे 'विश्वविजेता' हा शब्द वाचला की आधी विचारायचं, कुणाचा? चारही पट्टे एकाच्या कमरेला आले तरच तो त्या वजनाचा निर्विवाद विजेता.

मग नोंद वाचा. बॉक्सरच्या नावापुढे ३४-०-१ असं लिहिलेलं असतं. म्हणजे ३४ विजय, पराभव एकही नाही, १ बरोबरी. हे आकडे फसवू शकतात. पंचवीस लढतींत एकही हार नाही असा गडी असतो, पण त्याने हरवलेले सगळे दुबळे असतात. म्हणून बॉक्सरेकसारख्या नोंदींच्या संकेतस्थळावर जाऊन त्याचे शेवटचे चार-पाच प्रतिस्पर्धी कोण होते ते पाहायचं. दोनदा हरलेला, पण तगड्यांशी भिडलेला बॉक्सर मला जास्त भरवशाचा वाटतो.

वजनाचं गणित

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पुरुषांचे साधारण १७ वजनगट मानले जातात. सर्वांत खालचा १०५ पौंडांचा, म्हणजे ४७.६ किलोचा. सर्वांत वरचा हेवीवेट, २०० पौंडांच्या म्हणजे ९०.७ किलोच्या पुढे, त्याला वरची मर्यादा नाही. सगळे पाठ करायची गरज नाही. पौंडांना २.२ ने भागलं की किलो मिळतात.

वजन किती मोठी गोष्ट आहे हे १३ सप्टेंबर २०२५ ला लास वेगासमध्ये दिसलं. टेरेन्स क्रॉफर्ड १४७ पौंडांचा निर्विवाद विजेता राहिलेला. तो वर चढत चढत १६८ पौंडांत कानेलो अल्वारेझसमोर उभा राहिला. हा फरक साडेनऊ किलोंचा आहे, आणि दंगलीत एवढ्या फरकाची जोड लावली तर लोक आयोजकाला विचारतील. क्रॉफर्ड जिंकला. रिंगबाहेर बसून गुण देणाऱ्या तिन्ही पंचांनी त्यालाच कौल दिला, ११६-११२, ११५-११३ आणि ११५-११३. अंगात कमी असलेला गडी अंतर आणि वेळ साधून मोठ्याला कसा हरवतो हे समजून घ्यायचं असेल, तर ही लढत मुद्दाम शोधून पाहा.

वजन लढतीच्या आदल्या दिवशी करतात. त्याचं चित्रण बहुतेक वेळा फुकट पाहायला मिळतं, ते चुकवू नका. ओठ सुकलेले, गालफडं आत गेलेली, डोळे खोल असतील तर गड्याने वजन उतरवायला अंगातलं पाणी फार काढलंय हे कळतं. असा बॉक्सर सातव्या-आठव्या फेरीनंतर मंदावण्याची शक्यता असते. काट्यावर मर्यादेपेक्षा जास्त भरला, तर जिंकूनही त्याला पट्टा मिळत नाही.

वेळ काढा, आणि कागदावर लिहा

इथे माझी चूक सांगतो. अमेरिकेतली एक लढत 'शनिवारी रात्री' असं वाचून मी सगळ्यांना शनिवारी रात्री घरी बोलावलं. तालमीतले आबा यावलहून एसटीने आले. रात्री बारापर्यंत बसलो, पडद्यावर काहीच नाही. लढत आपल्या रविवारी सकाळी होती, आणि आबांना पहिल्याच गाडीने परत जायचं होतं. त्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण ते मला अजून लागतं.

तेव्हापासून मी भिंतीवर वेळेचा कागद चिकटवलाय. लास वेगासच्या वेळेत उन्हाळ्यात साडेबारा तास मिळवायचे, हिवाळ्यात साडेतेरा. न्यूयॉर्कच्या वेळेत साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. लंडनच्या वेळेत साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. रियाधच्या वेळेत बारा महिने अडीच तास. जपानचं उलटं, तिथल्या वेळेतून साडेतीन तास वजा करायचे. म्हणजे लास वेगासमधली शनिवारी रात्री आठची लढत उन्हाळ्यात आपल्याकडे रविवारी सकाळी साडेआठला. लंडनमधली रात्री दहाची लढत उन्हाळ्यात पहाटे अडीचला. आणि टोकियोतली रात्री नऊची लढत आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला, शेतातून परतायच्या वेळी. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात, ब्रिटनमध्ये मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्या दिवसांच्या आसपास हिशेब पुन्हा करा.

आणखी एक. जाहिरातीत लिहिलेली वेळ पूर्ण कार्यक्रमाची असते. मुख्य लढत त्यानंतर तीन-चार तासांनी लागते. आधीच्या लढती लवकर संपल्या तर ती लवकर येते, लांबल्या तर उशिरा.

रेवडीच्या कुस्त्या सोडू नका

दंगलीत आधी लहान पोरांच्या रेवडीच्या कुस्त्या लागतात, मग चढत्या इनामाच्या, आणि दिवस मावळताना मानाची कुस्ती. बॉक्सिंगचा कार्यक्रमही असाच रचलेला असतो. मुख्य लढतीच्या आधीच्या सगळ्यांना मिळून 'अंडरकार्ड' म्हणतात. आपली माणसं बहुतेक वेळा तिथेच सापडतात. १५ नोव्हेंबर २०२४ ला टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला माईक टायसन आणि जेक पॉल यांची लढत अवघ्या जगाने पाहिली, पण त्याच रात्री आधी आपला नीरज गोयत सहा फेऱ्या लढून जिंकला होता. ऑलिंपिक खेळलेल्या निशांत देवने जानेवारी २०२५ मध्ये व्यावसायिक पदार्पण केलं, तेही लास वेगासमधल्या अशाच आधीच्या लढतीत. त्याच्या आधी विजेंदर सिंग या वाटेने गेला. बीजिंग २००८ चं कांस्य घेऊन तो २०१५ मध्ये व्यावसायिक झाला आणि जुलै २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून त्याने डब्ल्यूबीओचा आशिया-पॅसिफिक पट्टा जिंकला.

अंडरकार्डवर स्त्रियांची लढत असेल तर घरातल्या मुलींना हाक मारा. त्यांच्या विजेतेपदाच्या लढती साधारणपणे १० फेऱ्यांच्या आणि फेरी २ मिनिटांची असते. वेळ कमी असल्याने त्या पहिल्या घंटेपासून भिडतात.

वही घ्या

ही पायरी मला सगळ्यांत प्रिय आहे. पुरुषांची विजेतेपदाची लढत १२ फेऱ्यांची, फेरी ३ मिनिटांची, मध्ये १ मिनिट विश्रांती. वहीत दोन रकाने आणि बारा ओळी आखा. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. जो खाली पडला त्याचा बहुधा आणखी एक गुण जातो, म्हणून १०-८. घंटा वाजली की विश्रांतीच्या त्या एका मिनिटात आकडा लिहून टाकायचा. नंतर खोडायचा नाही.

कुणाला १० द्यायचे? स्वच्छ बसलेले ठोसे आधी मोजा. हातांवर, कोपरांवर अडवलेला ठोसा दिसायला जोरदार असला तरी मोजू नका. बसलेल्या ठोशाने समोरच्याचं डोकं मागे जातं किंवा पाय थबकतात, तिकडे लक्ष ठेवा. नुसतं पुढे पुढे येण्याला गुण नाहीत, पुढे येऊन मारलं पाहिजे. फेरी बरोबरीची वाटली तर आपल्याला हव्या त्या जागी लढत कोण नेतंय ते पाहा.

पायांकडे बघायची सवय लावा. एक उजवा आणि एक डावखुरा समोरासमोर आले की दोघांचे पुढचे पाय एकमेकांना अडतात. ज्याचा पुढचा पाय दुसऱ्याच्या पायाबाहेर पडतो, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते. हे एकदा दिसलं की पुढचा ठोसा कुठून येणार याचा अंदाज येऊ लागतो.

एका गुणाची किंमत मला १८ मे २०२४ च्या रियाधच्या लढतीत कळली. ओलेक्सांद्र उसिक विरुद्ध टायसन फ्युरी, हेवीवेटचे चारही पट्टे पणाला. आपल्याकडे रविवारची पहाट होती. मे महिना, घरात झोप येणं शक्य नाही, म्हणून आम्ही धाब्यावरच, म्हणजे घराच्या सपाट छतावर, अंथरुणं टाकली होती. मोबाइल उशीला टेकवलेला, भाच्याच्या मांडीवर वही. नवव्या फेरीत उसिकने फ्युरीला असं मारलं की तो दोरांवर जाऊन आदळत राहिला. दोरांनी धरलं नसतं तर तो खाली गेला असता, म्हणून रेफ्रीने तो पडलाच असं धरून मोजणी केली. भाच्याने १०-८ लिहिलं आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

निकाल आला. ११५-११२ उसिक, ११४-११३ फ्युरी, ११४-११३ उसिक. आता नवव्या फेरीतली मोजणी काढून टाका आणि ती फेरी १०-९ धरा. फ्युरीला प्रत्येक पंचाकडे एक गुण जास्त मिळतो. मग होतं ११५-११३ उसिक, ११५-११३ फ्युरी आणि तिसरीकडे ११४-११४. म्हणजे बरोबरी! त्या एका मोजणीने निर्विवाद विजेता ठरवला. हा हिशेब आम्ही उजाडेपर्यंत तीनदा मांडला. वही नसती तर "उसिक जिंकला" एवढं म्हणून झोपलो असतो.

रेफ्रीने थांबवली तर

खाली पडला म्हणजे हरला असंही समजू नका. ६ मे २०२४ ला टोकियो डोममध्ये लुईस नेरीने नाओया इनोउएला पहिल्याच फेरीत पाडलं होतं. इनोउए उठला आणि सहाव्या फेरीत त्यानेच नेरीला संपवलं.

पण उभा असलेल्या गड्याची लढत रेफ्री थांबवतो, तेव्हा पारावर ओरड होते, "उगाच थांबवली!" तशी ओरड मी करू देत नाही. विजेतेपदाच्या लढती पूर्वी १५ फेऱ्यांच्या होत्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीसमोर लढताना कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने फेऱ्या १२ वर आणल्या, मग इतरांनीही. हात खाली आलेत, उलट ठोसा जात नाही, नजर ठरत नाही, अशा वेळी रेफ्रीचा हात मध्ये आला तर त्याला मनातून धन्यवाद द्या. घरी कुणाची तरी माणसं वाट पाहत असतात.

कुठे पाहायचं, काय टाळायचं

लढत कोणत्या मंचावर आहे ते प्रत्येक वेळी बदलतं. बऱ्याच लढती डॅझोनवर असतात, काही मोठ्या नेटफ्लिक्सवर आल्या आहेत. काहींना वेगळे पैसे मोजावे लागतात. चार घरांनी मिळून एका घरी बसलं तर ते जड जात नाही. चोरून दाखवणाऱ्या दुव्यांवर बोट लावू नका, आपलं बँकेचं खातं त्याच मोबाइलमध्ये असतं. आणि पैज लावू नका. खिशातला पैसा अडकला की डोळे ठोसे मोजत नाहीत.

मे-जूनमध्ये वादळ सुटलं की केळीबागांबरोबर विजेचे खांबही आडवे होतात. आदल्या संध्याकाळीच मोबाइल पूर्ण भरून ठेवा.

हिवाळ्यातली अमेरिकेची लढत ही तर खान्देशासाठीच ठरवल्यासारखी येते. रविवारी सकाळी शेतात काड्यांवर हिरवी वांगी भाजायला टाकायची, बडगीत मिरच्या-लसूण ठेचायला घ्यायचं, कळण्याच्या पुऱ्या तळणाऱ्याला पडदा दिसेल अशी चूल मांडायची. आधीच्या लढती चालू असताना भरीत तयार होतं. मुख्य लढतीची घंटा वाजली की ताट बाजूला आणि वही पुढे.

बारावी फेरी संपली की निवेदक कागद हातात घेतो. त्या क्षणी आवाज बंद करा. आपले दोन्ही रकाने बेरजेला घ्या, खाली आकडा लिहा, त्याभोवती गोल करा आणि शेजारच्याला दाखवा. मग आवाज वाढवा.