मैदानावर बिघडलेला आकडा प्रबंधात दुरुस्त होत नाही: शारीरिक शिक्षणाच्या संशोधकांनो, या चुका टाळा

एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) आणि पीएच.डी.चे विद्यार्थी दरवर्षी मराठवाड्यातल्या शाळांमध्ये चाचण्या घ्यायला येतात. आराखडा बहुधा सारखाच असतो: पूर्वचाचणी, बारा आठवड्यांचा सराव, उत्तरचाचणी, मग टी-मूल्य (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारा आकडा) आणि 'सार्थक फरक आढळला', म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. मौखिक परीक्षेत सगळी चर्चा संख्याशास्त्रावर होते. खरं नुकसान मात्र त्याच्या कितीतरी आधी, फक्की मारलेल्या रेषेवर झालेलं असतं.

दोन चाचण्या, दोन हवामानं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात कमी लिहिली जाणारी चूक ही आहे. पूर्वचाचणी जानेवारीत, परिपाठाच्या आधी, मुलं स्वेटर घालून कुडकुडत असताना. उत्तरचाचणी एप्रिलमध्ये, सकाळच्या शाळेतही दहा वाजता, ऊन तापल्यावर. परभणीत हिवाळ्यात पारा दहाच्या खाली उतरतो आणि एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडतो. स्नायू गरम असले की छोटी धाव आणि उडी सुधारते. उलट उष्णतेत लांब पल्ल्याची धाव मंदावते. म्हणजे काहीही सराव न देता ५० मीटरची वेळ सुधारू शकते आणि १२ मिनिटांच्या कूपर चाचणीतलं अंतर घटू शकतं. असा निकाल हाती आला की 'आमच्या सरावाने वेग वाढला, पण दमश्वास वाढला नाही' असा निष्कर्ष लिहिला जातो. तो निष्कर्ष सरावाबद्दल काहीच सांगत नाही, फक्त ऋतूबद्दल सांगतो.

दिवसातली वेळही तितकीच महत्त्वाची. ताकद आणि वेग लागणाऱ्या चाचण्यांत पहाटेपेक्षा दुपारनंतरची कामगिरी साधारणपणे सरस असते. म्हणून दोन्ही चाचण्या एकाच घड्याळी वेळेला घ्या, तापमान आणि मैदानाची अवस्था त्या दिवशीच्या तक्त्यावर लिहा, आणि दोन्ही गटांची, म्हणजे सराव मिळणाऱ्या प्रायोगिक आणि न मिळणाऱ्या नियंत्रित गटाची, चाचणी एकाच दिवशी उरका. प्रायोगिक गट सोमवारी आणि नियंत्रित गट गुरुवारी, मधे पाऊस, असं झालं की दोन्ही गटांची तुलनाच मोडते. काळ्या मातीचं मैदान ओलं असताना चप्पल रुतते, वाळलं की भेगा पडतात. मुरमाच्या पट्ट्यावरची आणि काळ्या मातीवरची वेळ शेजारी शेजारी ठेवताच येत नाही.

गेलेली मुलं मोजायची राहतात

बीड जिल्ह्यात आणि आसपासच्या तालुक्यांत दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही. काही मुलं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईवडिलांबरोबर फडावर जातात. सप्टेंबरमध्ये नमुन्यात साठ मुलं असतात, फेब्रुवारीत पस्तीस उरतात. प्रबंधात काय छापलं जातं? 'एकूण नमुना ३५.' गळती कुठेच नाही.

गळती झाली हा संशोधकाचा दोष नाही. ती लपवणं हा दोष आहे. गेलेली मुलं आणि राहिलेली मुलं सारखी नसतात. घरची परिस्थिती, खाणंपिणं, शाळेतली हजेरी, सगळ्यांत फरक असतो. उरलेल्यांची सरासरी वाढली तर ती सरावाने वाढली की अशक्त मुलं नमुन्यातून बाहेर पडल्याने, हे कसं कळणार? उपाय अवघड नाही. पूर्वचाचणीला किती होते, कोणत्या गटातून किती गेले, का गेले, हे तक्त्यात द्या. गेलेल्यांचे पूर्वचाचणीचे आकडे राहिलेल्यांच्या आकड्यांशी ताडून पाहा. शक्य असेल तर जून-जुलैत सुरू करून दिवाळीच्या सुट्टीआधी संपवा.

त्या काळातही एक अडचण आहेच. शालेय क्रीडा स्पर्धांची तालुका फेरी तेव्हाच असते. नियंत्रित गटातली मुलं खो-खो, कबड्डीच्या सरावाला लागतात, पीटीचे सर त्यांना संध्याकाळी थांबवून घेतात, आणि 'कोणतेही प्रशिक्षण दिले नाही' हे वाक्य खोटं ठरतं. त्या मुलांनी आठवड्यात काय काय केलं त्याची नोंद ठेवा. धाराशिवमध्ये खो-खोची परंपरा किती खोल आहे ते अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळे यांच्या वाटचालीवरून दिसतंच. अशा भागात 'न खेळणारा गट' शोधणं हेच मुळात जोखमीचं काम आहे.

एक जूनची मुलं

'वयोगट १३ ते १५' असं लिहून वय शाळेच्या दाखल्यावरून घेतलं जातं. आपल्याकडे किती मुलांची जन्मतारीख १ जून लागलेली असते, हे कोणत्याही मुख्याध्यापकांना विचारा. दाखल्यावरचं वय एक-दीड वर्षाने इकडेतिकडे असू शकतं. जन्माचा दाखला किंवा अंगणवाडीची, लसीकरणाची नोंद मिळते का ते पाहा.

तारीख बरोबर असली तरी प्रश्न संपत नाही. उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण १२ व्या आणि मुलांमध्ये साधारण १४ व्या वर्षाच्या आसपास येतो, आणि प्रत्येकाचा वेगळा. आठवीच्या एकाच बाकावरचे दोघे शरीराने दोन-तीन वर्षांनी पुढेमागे असू शकतात. या वयात काही न करताही उडी, फेक आणि धाव सुधारते. म्हणून नियंत्रित गटाशिवाय केलेला 'पूर्व-उत्तर' अभ्यास शाळकरी मुलांबाबत जवळपास निरर्थक आहे. तो मी तरी मान्य करणार नाही. उभी उंची, बसून मोजलेली उंची आणि वजन दोन्ही वेळा घ्या, म्हणजे वाढीचा हिशेब लावता येतो. आणि या मुलांच्या बीएमआयला (उंचीच्या मानाने वजन दाखवणाऱ्या आकड्याला) प्रौढांच्या सीमा लावू नका, वय आणि लिंगानुसारचे तक्ते वापरा.

घड्याळ कोणाच्या हातात होतं?

हाताने घेतलेली वेळ विद्युत वेळेपेक्षा कमी भरते. १०० मीटरसाठी हा फरक ०.२४ सेकंद धरण्याची ॲथलेटिक्समध्ये रूढ पद्धत आहे. शिवाय नियमाने हाताची वेळ पुढच्या दशांशावर नेतात, ७.८२ असेल तर ७.९. प्रबंधात मात्र ७.८२ विरुद्ध ७.७५ अशी शतांश सेकंदांची तुलना होते आणि त्यावर सार्थकतेचा शिक्का बसतो. वेळ घेणारी व्यक्ती दोन्ही वेळा तीच ठेवा, आणि तिला कोणता मुलगा कोणत्या गटातला ते सांगू नका. मुख्य चाचणीआधी दहा-पंधरा मुलांची तीच चाचणी दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घ्या. सराव न देता आकडे किती हलतात ते कळेल. तुमची 'सुधारणा' त्या हलण्यापेक्षा मोठी नसेल तर ती सुधारणा नाही.

काही मुलांनी ती चाचणी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेली असते. २० मीटर शटल रनमध्ये (ठरलेल्या वेगाने २० मीटरच्या अंतरात पुन्हा पुन्हा ये-जा) ताशी ८.५ किलोमीटरने सुरुवात होऊन दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. हे अंगवळणी न पडलेली मुलं दम संपायच्या आधीच थांबतात. मोजल्या न जाणाऱ्या दोन फेऱ्या आधी द्या. २० मीटर टेपने मोजा, पावलांनी नाही. पूर्वचाचणीला अनवाणी धावलेला मुलगा उत्तरचाचणीला बुटात नको. मुलींच्या चाचण्यांना एखादी शिक्षिका मदतीला असू द्या आणि आदल्या दिवशी कपड्यांची कल्पना द्या. ओढणी सावरत काढलेली वेळ त्या मुलीची क्षमता दाखवत नाही.

एक शाळा विरुद्ध एक शाळा

गावातली शाळा प्रायोगिक, शेजारच्या गावची नियंत्रित. दोन्हीकडे तीस तीस मुलं. मग फरक सरावामुळे की शाळेमुळे? एकीकडे मैदान आहे, उत्साही क्रीडाशिक्षक आहेत. दुसरीकडे दोन्ही नाहीत. एकाच शाळेत चिठ्ठ्या टाकून गट पाडा, किंवा जास्त शाळा घ्या.

तसंच 'ग्रामीण मुलं जात्याच दमदार' हे प्रस्तावनेतलं वाक्य. पुरावा म्हणून आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं स्टीपलचेसचं (अडथळे ओलांडत धावण्याच्या लांब शर्यतीचं) रौप्य, हांगझोउ आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण. त्यांचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहे. पण एका असामान्य धावपटूवरून हजारो मुलांची सरासरी ठरत नाही.

पंधरा चाचण्या, एक सार्थक निकाल

पंधरा घटक मोजले आणि प्रत्येकाला ०.०५ ची पातळी लावली (परिणाम नसताना 'सार्थक' ठरण्याची पाच टक्के शक्यता चालवून घेतली), तर घटक एकमेकांपासून स्वतंत्र असल्यास काहीच परिणाम नसतानाही किमान एक निकाल 'सार्थक' येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. मुख्य घटक एक किंवा दोनच, आणि ते आराखड्यातच ठरवा. बाकीचे दुय्यम म्हणून मांडा. परिणाम आढळला नाही तर तसंच लिहा.

चूक आधीच झाली असेल तर

वेळ, ऋतू, मैदान बदललं असेल पण दोन्ही गटांना सारखंच बदललं असेल, तर गटांतर्गत सुधारणेचा दावा सोडून फक्त दोन गटांच्या बदलातला फरक मांडा. वय संशयास्पद असेल तर उंची-वजनाचा आधार घेऊन विश्लेषण पुन्हा करा. गळती झाली असेल तर वर सांगितल्याप्रमाणे ती उघड करा. नियंत्रित गटच नसेल तर 'परिणाम' हा शब्द शीर्षकातून काढून अभ्यास वर्णनात्मक करा. त्यासाठी मार्गदर्शकांशी लवकर बोला. घड्याळ धरणारी माणसं मधेच बदलली असतील आणि कोण कधी होतं याची नोंद नसेल, तर ते आकडे वाचवता येत नाहीत, ती चाचणी पुन्हा घ्यावी लागते. आणि पालकांची संमती व मुलांचा होकार घेतला नसेल तर विश्लेषण थांबवून आधी संस्थेच्या नैतिक समितीकडे जा. मूळ तक्ते, पेनाने लिहिलेले आणि खाडाखोडीसह, फेकू नका. पुढचं सगळं त्यांच्यावरूनच तपासता येतं.